अंथरुणाचे खिळे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचा वैद्यकाशी संबंध रुग्ण या नात्यानेही फारसा आला नव्हता, आणि ज्या दिवशी ते गेले त्या दिवशी सकाळीही माळीवाड्यापर्यंत जाऊन भाजी घेऊन ते आपल्या पायांनी घरी परतले होते, असे त्यांचे एक विद्यार्थी, जे आता स्वतःच काठी टेकीत चालतात, मला मघाशी सांगत होते. सांगताना त्यांनी जो शब्द वापरला तो आपणा सर्वांच्या तोंडी नेहमीचा आहे: गुरुजी चालता-बोलता गेले. उत्तम मरणाची व्याख्या मराठी माणसाने या दोन क्रियापदांत करून ठेवली आहे, आणि उत्तम जगण्यासाठीही त्याला निराळी क्रियापदे फारशी लागत नाहीत. अतिदक्षता विभागात श्वसनयंत्रावर, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत व्हेंटिलेटरवर, ठेवलेल्या मनुष्याकडून आम्ही वैद्य लोक पहिल्या तासाच्या आत ही दोन्ही काढून घेतो. नळी घशातून जाते म्हणून बोलणे बंद होते, आणि नळी हलू नये म्हणून चालणे. पहिले हिरावणे अपरिहार्य आहे. दुसरे तितकेच अपरिहार्य आहे काय, एवढाच आजचा माझा प्रश्न आहे.

प्रारंभी एक कबुली देणे प्राप्त आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मृग नुकता लागला होता. पारनेरकडील एक शेतकरी, वय चाळिशीच्या आतबाहेर, कांद्याच्या चाळीशेजारी गोणपाट टाकून जमिनीवर निजला असता त्याला मण्यार चावली. मण्यारीचा दंश इतका निर्वेदन असतो की पुष्कळदा चावल्याचे कळतच नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, आणि घरचे लोक पित्त झाले असे समजून लिंबू-साखर देत बसतात. हा मनुष्य रुग्णालयात पोहोचला तेव्हा त्याला पापणी उचलता येत नव्हती व श्वास बोटभर उरला होता. सर्पविषावरील लस टोचली, घशात नळी घातली, यंत्र लावले, मध्येच फुप्फुसाचा दाह झाला तोही निभावला, आणि सोळा दिवसांनी यंत्र सुटून आणखी आठवड्याने तो घरी गेला. आम्ही परस्परांचे अभिनंदन केले. दोन महिन्यांनी मोटारसायकलीवर पुढे मुलगा, मागे पुतण्या आणि मध्ये तो, असा त्याला पोत्यासारखा धरून आणण्यात आले, आणि बाकावर टेकल्यावर तो जे बोलला ते मी अद्याप विसरलेलो नाही: "डाक्टर, जीव वाचीवला तुम्ही, त्याला ना न्हाई. पर उकिडवं बसाया येत न्हाई."

उकिडवे बसता न येणे म्हणजे काय, हे ज्याने कधी खुरपणी केली नाही, वाफ्यात कांद्याचे रोप लावले नाही, गाईची धार काढली नाही आणि ज्याच्या घरी पाश्चात्त्य पद्धतीचे शौचकूप आहे त्याला समजावून सांगावे लागेल. या सभागृहात ती गरज बहुधा पडू नये. मी त्याचा जुना केसपेपर मागवून घेतला. विषाचा अंमल चौथ्या-पाचव्या दिवशीच ओसरल्याची नोंद त्यावर होती, बोटे हलू लागल्याची होती, हाक मारताच डोळे उघडल्याची होती. आणि त्यानंतरच्या प्रत्येक पानावर, गुंगीच्या औषधाच्या मात्रेखाली, माझ्या हस्ताक्षरात दोन शब्द होते: पूर्ण विश्रांती. आपण म्हणतो, अमुक माणूस अंथरुणाला खिळला. अकर्मक क्रियापदाची ही सोय मोठी आहे. खिळे कोणी ठोकले हे सांगावे लागत नाही.

विश्रांतीवरील ही श्रद्धा वैद्यांनी शोधून काढली असे नाही. आजारी मनुष्याला "पडून राहा" म्हणणे हा आपल्याकडे पाहुण्याला "बसा" म्हणण्याइतका सहज शिष्टाचार आहे, आणि रुग्णाच्या उशाशी बसून तो उठू लागताच त्याला दोन्ही हातांनी मागे लोटणारी आत्या प्रत्येक कुटुंबात असते. परंतु या लोकश्रद्धेवर शास्त्राची मोहोर उमटली ती एकोणिसाव्या शतकात. लंडनचे शल्यवैद्य जॉन हिल्टन यांची विश्रांती व वेदना या विषयावरील व्याख्याने १८६३ मध्ये ग्रंथरूपाने आली आणि सुमारे ऐंशी वर्षे विश्रांती हे सर्व रोगांवरील एक सामान्य औषध होऊन बसले. हृदयविकाराचा झटका आलेल्या मनुष्याला सहा-सहा आठवडे कूस पालटण्यासही मनाई असे. दुसऱ्या महायुद्धात खाटा अपुऱ्या पडू लागल्या, शस्त्रक्रिया झालेल्यांना लवकर उठवणे भाग पडले आणि जे लवकर उठले ते अधिक लवकर बरे झाले, हे दिसू लागले तेव्हा कोठे पहिला तडा गेला. १९४७ साली रिचर्ड ॲशर या इंग्रज वैद्याने अंथरुणात पडून राहण्याचे धोके सांगणारा एक छोटा, खट्याळ लेख लिहिला. खोटे आजार घेऊन रुग्णालये फिरणाऱ्या लोकांच्या विकृतीला थापांसाठी प्रसिद्ध असलेल्या मंचाउसेनचे नाव देणारे तेच हे ॲशर. असल्या माणसालाच अंथरुणाचा संशय येऊ शकतो. पुढे १९५२ मध्ये लिव्हाइन व लाउन या हृदयतज्ज्ञांनी हृदयविकाराच्या रुग्णांना आरामखुर्चीत बसवून दाखवले, तेव्हा त्यांच्या सहकाऱ्यांना तो जवळजवळ मनुष्यवधाचा प्रकार वाटला होता.

याहून बोलका एक प्रयोग आहे. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेवले. आजार नाही, ताप नाही, नळी नाही, केवळ निजणे. तीन आठवड्यांनी त्यांची प्राणवायू वापरून श्रम करण्याची शक्ती चौथ्या हिश्श्याहून अधिक घटली. तीस वर्षांनी तेच पाच जण पन्नाशीत पोट सुटलेले प्रौढ गृहस्थ होऊन पुन्हा तपासणीस आले, तेव्हा त्यांच्यापैकी एकाचीही शक्ती त्या तीन आठवड्यांच्या अखेरीस होती तेवढी खाली गेलेली नव्हती. तीस वर्षांच्या जरेला जे साधले नाही ते अंथरुणाने वीस-एकवीस दिवसांत साधले होते.

आता यंत्राकडे वळू. १९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेग्दाम रुग्णालयात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेली मुले रोज दाखल होत होती, आणि त्या काळची श्वसनयंत्रे संपूर्ण रुग्णालयात मोजून सात; प्रारंभीच्या एकतीस रुग्णांपैकी सत्तावीस तीन दिवसांच्या आत दगावले. अशा वेळी ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने २७ ऑगस्ट रोजी बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद करवून श्वासनलिकेत नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसात हवा भरली. मुलगी जगली. परंतु पिशवी दाबायला हात हवेत, तेही अहोरात्र. म्हणून वैद्यकीय विद्यार्थ्यांना बोलावणे गेले, आणि पुढील काही महिन्यांत सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, एकाच वेळी सत्तर सत्तर रुग्णांच्या उशाशी बसून, श्वास दिला. रोग्याच्या डोळ्यांकडे पाहूनच पिशवी अधिक दाबायची की कमी हे ते शिकले. लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवीत एका हाताने पान उलटायचे व दुसऱ्याने श्वास द्यायचा, असे चाले. आजच्या सर्व अतिदक्षता विभागांचा वंशवृक्ष या हातांपर्यंत जाऊन पोहोचतो. पुढे हातांची जागा यंत्राने घेतली, आणि ते इष्टच झाले. मात्र हात निघून गेले तेव्हा उशाशी बसलेला मनुष्यही त्यांच्याबरोबर निघून गेला, याची नोंद कोणत्याही दप्तरात झाली नाही.

साठ-सत्तरच्या दशकांत यंत्रावरील रुग्ण पुष्कळदा जागे असत, खुर्चीत बसत, आणि काही ठिकाणी तर चाकांच्या आधारगाड्याला यंत्र बांधून ओवरीतून फिरत, असे त्या पिढीतील अमेरिकन फुप्फुसतज्ज्ञ लिहून गेले आहेत. पुढे यंत्रे अधिक गुंतागुंतीची झाली, रुग्णाच्या श्वासाशी त्यांचे जुळेना, आणि ते जुळावे म्हणून रुग्णालाच झोपवण्याचा शिरस्ता पडला. विसाव्या शतकाच्या अखेरीस अतिदक्षता विभागाचे चित्र काय होते? स्वच्छ, शांत, निश्चल देहांची रांग. हलते फक्त पडद्यावरील रेघा. या शांततेचे आम्हाला भूषण वाटे. राउंड घेताना एखादा रुग्ण हातपाय हलवताना दिसला की सिस्टरला पहिला प्रश्न असे, "याचं औषध कमी झालंय का?"

त्या शांततेच्या पोटात काय चालले होते हे हळूहळू उलगडले. १९८४ मध्ये कॅनडातील चार्ल्स बोल्टन यांनी दाखवले की दीर्घकाळ अत्यवस्थ राहिलेल्या रुग्णांच्या हातापायांच्या नसाच रोगाच्या भट्टीत जळून जातात. २००८ मध्ये असे आढळले की यंत्र सर्व श्वास स्वतः घेऊ लागले म्हणजे छातीचा पडदा, जो आईच्या पोटातून बाहेर आल्यापासून एक मिनिटही सुट्टी न घेतलेला स्नायू, अठरा ते एकोणसत्तर तासांच्या रिकामपणात आपल्या तंतूंच्या छेदाचा निम्म्याहून अधिक भाग गमावतो. आणि २०१३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी त्रेसष्ट रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचे वेळोवेळी मोजमाप घेतले, तेव्हा दहाव्या दिवसापर्यंत त्याचा छेद सरासरी १७.७ टक्क्यांनी आक्रसलेला होता. माझ्या पारनेरकराचे सोळा दिवस या हिशेबात मांडून पाहा. ही आवक-जावक एकतर्फी असते. शरीर आजारपणाच्या खर्चासाठी मांडीचे भांडवल मोडते, आणि ज्याची सारी मिळकतच मांडी व दंड यांत गुंतलेली आहे अशा ऊसतोडणी करणाऱ्या पाथर्डीच्या मजुराचे यात जेवढे जाते तेवढे माझ्यासारख्या खुर्चीत बसून कमावणाऱ्याचे जात नाही. शरीराबरोबर बुद्धीही भरकटते. गुंगीतून अर्धवट बाहेर आलेला रुग्ण छताच्या पंख्यावर माणसे बसलेली पाहतो, सिस्टर विष टोचते आहे असे समजून नळी उपसतो, आणि मग त्याचे हात खाटेला बांधले जातात, खिळ्यांवर दोरी.

उलट वाटेने पहिले पाऊल गुंगीच्या बाबतीत पडले, आणि माझ्या मते या सर्व इतिहासातील निर्णायक क्षण तोच होय. २००० साली शिकागो येथे एकशे अठ्ठावीस रुग्णांवरील प्रयोगात रोज सकाळी गुंगीचे औषध थांबवून रुग्णाला जागे होऊ देण्यात आले. एवढ्याशा कृतीने यंत्रावरील काळ सात दिवसांवरून पाच दिवसांच्या आत आला. जागा झालेला मनुष्य साहजिकच उठू पाहतो. अमेरिकेच्या यूटा प्रांतात पॉली बेली नावाच्या परिचारिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्याला उठू दिले; १०३ रुग्णांना १,४४९ वेळा खाटेच्या कडेला बसवले, खुर्चीत बसवले, चालवले, आणि २००७ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. अपाय झाल्याचे प्रसंग शेकडा एकाहूनही कमी होते, आणि हालचालीत कोणाचीही घशातली नळी निसटली नाही. वैद्यकाच्या इतिहासात परिचारिकांच्या डोळ्यांना जे दिसले ते वैद्यांच्या कागदांवर यायला नेहमीच उशीर झाला आहे. दोन वर्षांनी १०४ रुग्णांचा रीतसर तौलनिक प्रयोग झाला: ज्यांची हालचाल यंत्र लागल्यापासून दीड दिवसाच्या सुमारास सुरू झाली त्यांच्यापैकी ५९ टक्के लोक रुग्णालयातून निघताना आपले आपण न्हाऊ, जेवू, चालू शकत होते, ज्यांची नेहमीच्या रिवाजाने आठवडाभराने सुरू झाली त्यांच्यापैकी ३५ टक्के. भ्रमिष्टपणाचे दिवसही निम्मे झाले.

हे ऐकून ज्यांच्या डोळ्यांसमोर अत्यवस्थ रुग्णाला ओढीत नेणाऱ्या पहिलवानाचे चित्र उभे राहिले असेल त्यांच्यासाठी, ही गोष्ट प्रत्यक्षात कशी घडते ते सांगतो. सकाळचे साडेनऊ. रात्रीची पाळी बदलून गेली आहे, गुंगीचा पंप तासाभरापूर्वी बंद केला आहे, आणि रुग्ण हाक मारल्यावर डोळे उघडून सांगितलेले बोट दाबतो. फिजिओथेरपिस्ट, सिस्टर आणि वॉर्डातले मामा असे तिघे जमतात. सिस्टर प्रथम नळीवरील आकडा मोठ्याने वाचते, ओठापाशी बावीस, म्हणजे नंतर नळी आत-बाहेर सरकली की नाही याची खातरजमा करता येते. यंत्राची लांब नळी खांद्यावरून घेऊन चिमट्याने अंगरख्याला अडकवतात. सलाईनचा खांब उजवीकडे, लघवीची पिशवी पावलांशी, बोटावरची चिमटी जागेवर. मग पाठ हळूहळू उभी करतात व पाच मिनिटे तशीच राहू देतात, कारण आठ दिवस आडव्या राहिलेल्या देहातले रक्त उभे राहायला विसरलेले असते. त्यानंतर पाय खाटेखाली सोडणे. या क्षणी पहिल्यांदा जी गोष्ट दगा देते ती पाय नव्हे, मान होय. ज्या मानेने तीस वर्षे डोक्यावर चाऱ्याचे भारे वाहिले ती आता स्वतःचे मस्तक पेलू शकत नाही आणि हनुवटी छातीवर गळते. फिजिओथेरपिस्ट दोन बोटे हनुवटीखाली देते; उचलत नाही, नुसती देते. रुग्ण मान वर करतो आणि, हे मी कितीदा पाहिले तरी मला नवे वाटते, पहिल्यांदा कशाकडे पाहत असेल तर खिडकीकडे. छताच्या पंख्याखेरीज जगात आणखी काही आहे, हे त्याला आठ दिवसांनी कळलेले असते. तळवे फरशीला टेकतात, फरशी गार लागते, बोटे आखडतात. पडद्यावर नाडी शंभरावरून एकशे अठरा, प्राणवायूचा आकडा त्र्याण्णव. तो अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला, रक्तदाब ढासळला, ओठ पांढरे पडले, की तात्काळ निजवायचे, असा तिघांचा करार असतो. सहा मिनिटे. कपाळावर घाम दिसू लागताच परत आडवे करतात, आणि सिस्टर नळीवरचा आकडा पुन्हा वाचते: बावीस.

एवढेच. यात पराक्रम नाही. पाऊण तासाचे काम व तीन माणसे मात्र आहेत.

आता प्रतिपक्षाची कैफियतही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण नवा धर्म स्वीकारलेल्या मनुष्याप्रमाणे हालचालीचे काही पुरस्कर्तेही अतिरेकास गेले. पक्षाघाताच्या २,१०४ रुग्णांवरील एक मोठा प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या दिवसापासून वारंवार व पुष्कळ वेळ उठवलेल्या रुग्णांची गत नेहमीच्या रीतीने उठवलेल्यांपेक्षा किंचित वाईटच झाली. २०२२ मध्ये सहा देशांतील एकोणपन्नास रुग्णालयांच्या प्रयोगाचा निकाल आला: यंत्रावरील ७५० रुग्णांपैकी एका गटाला रोज सरासरी एकवीस मिनिटे सक्रिय हालचाल दिली, दुसऱ्याला नऊ मिनिटे, सहा महिन्यांच्या हिशेबात जिवंत व रुग्णालयाबाहेर काढलेले दिवस १४३ आणि १४५, म्हणजे सारखेच, आणि नाडी बिघडणे, प्राणवायू घसरणे असले प्रसंग मात्र अधिक हालचालीच्या गटात दुपटीहून जास्त. तो निकाल येताच, बघा, पडून राहणेच बरे होते, असे म्हणणाऱ्यांना मोठा धीर आला. परंतु निकालपत्र नीट वाचले पाहिजे. नऊ मिनिटांचा गट खिळलेला नव्हता. तोही बसत होता, उभा राहत होता. त्या प्रयोगात हालचाल आणि निश्चलता यांची तुलना झालीच नाही. एका मात्रेची दुसऱ्या मात्रेशी झाली.

आणि मात्रेचा विचार आपल्याला कोणी बाहेरून शिकवावा लागू नये. गंगाधरशास्त्री गुण्यांच्या नावाचे आयुर्वेद महाविद्यालय ज्या शहरात आहे तेथे मी हे बोलतो आहे. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, आणि अर्धी शक्ती संपल्याची खूण म्हणजे कपाळ, नाक व काख यांना घाम सुटणे आणि तोंडाला कोरड पडणे, असे आयुर्वेदाने सांगून ठेवले आहे. मघाच्या फिजिओथेरपिस्टला ते ठाऊक नसेल, पण तिचे डोळे नेमके कपाळावर होते. वमन-विरेचनासारख्या शोधनानंतर रुग्णाचा अग्नी मंद असतो म्हणून त्याला एकदम पोळी न देता आधी पेया, मग विलेपी, मग यूष असा आहार पायरीपायरीने वाढवण्याचा संसर्जन क्रम आहे, त्याच न्यायाने अंथरुणातून उठण्याचाही क्रम असावा, असे मला वाटत आले आहे. प्राचीनांना सर्व ठाऊक होते असे म्हणण्याची जी एक खोड आपल्याकडे आहे तिला मी यत्किंचितही हातभार लावू इच्छीत नाही. श्वसनयंत्र त्यांना ठाऊक नव्हते. पण अर्धी शक्ती ठाऊक होती.

उरला प्रश्न आपल्या जिल्ह्याचा. रुग्णाला उठवण्याच्या या विद्येसाठी अपूर्व साधने लागतात असे नाही, आणि जी लागतात ती येथे अगदीच नाहीत असेही नाही. प्रवरेच्या पाण्यावर ऊस झाला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याच परिसरात लोणी येथे वैद्यकीय न्यास १९७२ मध्ये व ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९८४ मध्ये निघाले, आणि आज तेथे भौतिकोपचाराचे, म्हणजे फिजिओथेरपीचे, स्वतंत्र महाविद्यालयही आहे. ज्या देशात या विद्येची पहिली शाळा मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात, कोपनहेगनच्या साथीच्याच सुमारास निघाली, तेथे दोन पिढ्यांत ती प्रवरेच्या काठापर्यंत आली, हा प्रवास मंद म्हणता येणार नाही. अडचण निराळी आहे. फिजिओथेरपिस्टला अस्थिरोग विभागात, गुडघे-कंबरेच्या दुखण्यासाठी बोलावतात. अतिदक्षता विभागात त्याची हजेरी लागते ती छाती थोपटून कफ मोकळा करण्यापुरती. देयकात यंत्राच्या प्रत्येक दिवसाची ओळ असते, मघाच्या सहा मिनिटांची क्वचितच असते. आणि ज्याची ओळ नसते त्याची तजवीजही होत नाही. रुग्णांच्या मानाने सिस्टरही अपुऱ्या. एक सिस्टर चार यंत्रे सांभाळीत असेल तर तिने कोणाला उठवावे, हे व्यासपीठावरून सांगणाऱ्याने एक रात्रपाळी करून पाहावी.

परंतु एक वस्तू आपल्या रुग्णालयांत इतकी विपुल आहे की तिचा आपल्याला उपद्रव वाटतो: नातेवाईक. अतिदक्षता विभागाच्या दारापाशी सतरंजी अंथरून, डबा उशाला घेऊन, भाऊ, मेहुणे, सुना, चुलत्या दिवस दिवस बसून असतात, आणि त्यांना सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटे आत सोडून बाकीचा वेळ आपण त्यांना जिन्यावरून हुसकावीत असतो. पाश्चात्त्यांनी अलीकडे अतिदक्षतेची जी नियमावली इंग्रजीच्या पहिल्या सहा अक्षरांत बसवली आहे तिचे पाचवे अक्षर हालचालीचे आणि सहावे कुटुंबाचे आहे. त्यांना कुटुंब शोधून आणावे लागते, आपल्या दारात ते सतरंजीवर बसलेले आहे. या माणसांना घोटा कसा फिरवावा, चवडा खाली ओघळून पाऊल ताठ होऊ नये म्हणून उशी कोठे लावावी, बसलेल्याला पाठीमागून कसा आधार द्यावा, हे शिकवता येणार नाही असे ज्यांना वाटते त्यांनी जामखेडला जावे. रजनीकांत आणि मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये तेथे काम सुरू केले तेव्हा खेड्यांतील अल्पशिक्षित, कित्येकदा निरक्षर स्त्रियांच्या हाती बाळंतपणापासून कुष्ठरोगापर्यंतचे आरोग्य सोपवण्याचे धाडस केले, आणि १९७९ च्या मॅगसेसे पुरस्काराने जगाला त्याची दखल घ्यावी लागली. ज्या जिल्ह्यात हे घडले तेथील आम्ही वैद्यांनी, सुनेला सासऱ्याचा घोटा फिरवता येणार नाही, असे म्हणणे शोभत नाही. २०२५ च्या जानेवारीत शेजारच्या पुण्यात गियाँ-बारे या नसांच्या विकाराची साथ आली, दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले आणि त्यांपैकी काही आठवडेच्या आठवडे यंत्रावर राहिले. त्या विकारात मण्यारीच्या दंशाप्रमाणेच मनुष्य आतून जागा असतो. देह निपचित, आणि उशाशी कोण काय बोलते ते सर्व ऐकू येते. अशा रुग्णाचा हात कोणीतरी हातात घेऊन कोपरातून दिवसातून चार वेळा वाकवतो आहे, याला कोणते औषध म्हणावे हे मला ठरवता आलेले नाही.

माझ्या पारनेरकराचे पुढे काय झाले, हे विचारल्यावाचून आपण मला जाऊ देणार नाही. त्याला मी दर पंधरवड्याला बोलावीत राहिलो; भिंतीला पाठ लावून घसरत खाली जाणे, खुर्चीतून हात न टेकता उठणे, असे जे जे माहीत होते ते ते केले. वर्षाने तो नांगरामागे चालू लागला. उकिडवे बसणे मात्र परत आले नाही. गुडघे निम्म्यापर्यंत जात आणि तेथे थबकत. त्याच्यानंतरच्या केसपेपरांवर ते दोन शब्द मी लिहिले नाहीत, परंतु त्याच्या केसपेपरावर ते आहेत. मध्यंतरी भाळवणीच्या बाजूला एका लग्नास गेलो असता वाट वाकडी करून त्याच्या शेतावर गेलो. कांद्याची खुरपणी चालली होती. बायका ओळीने उकिडव्या बसून पुढे सरकत होत्या आणि त्यांच्या शेवटी हा, वीतभर उंचीच्या एका पाटावर. पाट त्याने स्वतःच बाभळीच्या फळीचा केला होता. खाली दोन आडव्या पट्ट्या, म्हणजे ढेकळांत रुतू नये, आणि पुढच्या बाजूला सुतळीचा फास, वाफा सरला की कंबर उचलून पाट पुढे ओढण्यासाठी. मला पाहून तो उठला, दोन्ही हात मांड्यांवर टेकून, सावकाश, आणि पाटावरची माती झटकून तो माझ्यापुढे सरकवीत म्हणाला, "बसा, डाक्टर."